संयोगिताची राहून गेलेली ओव्हर

बडोद्यातल्या तरसालीच्या धनाजीराव मोहित्यांना झोप लागायची ती दुपारी, जेवणानंतर, आरामखुर्चीत. आजोबा संस्थानच्या पलटणीत होते, त्यामुळे आपल्या घराण्यात उभ्या उभ्याही झोपता येतं, असं ते पाहुण्यांना ऐकवत. स्वतः त्यांनी जन्म काढला मकरपुऱ्याच्या कारखान्यात. तर अशा या झोपेत सून संयोगिता घरी असली की हलकेच येऊन त्यांच्या नाकाखाली तळहात धरायची. धनाजीराव डोळे न उघडता म्हणायचे, "आहे अजून. चहा टाक."

घरात याची चेष्टा व्हायची. सहावीतली नात पूर्वी मैत्रिणींना सांगायची की आमची मम्मी सगळ्यांचे श्वास चेक करते, तुमचेपण करेल, बसा. नवरा मयंकही हसायचा. चार वर्षं झाली, कोणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. हसण्यावारी न्यायचं ठरवलं की चांगली शहाणीसुरती माणसंही काय काय हसण्यावारी नेतात.

संयोगिता एका खासगी इस्पितळात स्टाफ नर्स. आयसीयूत तिचं नाव होतं. सगळ्यांनी हात टेकल्यावर शीर सापडायची ती तिलाच. शाळेत असल्यापासून तिला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. पण कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर तिने स्वतःहून खालच्या इंजेक्शन रूममध्ये बदली मागून घेतली आणि तिथेच राहिली. लिफ्टमध्ये आयसीयूच्या मजल्याचं बटण कोणी दाबलं तर ती उतरून जिन्याने जायची.

आता इस्पितळाने आयसीयूचा नवा विभाग काढला होता. जुनी माणसं हवी होती. सोमवारपासून वर या, असा निरोप आला आणि संयोगिताने नोकरीच सोडायचं ठरवलं. मयंकला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "तुला बरं वाटत असेल तर सोड." तिला बरं वाटत नव्हतं. आवडीचं काम हातचं जाणार म्हणून तिला रडू येत होतं, आणि वर जायचा नुसता विचारही नको वाटत होता. दोन्ही एकदम.

निरुपमाबेनना न सांगता जाणं मात्र बरं दिसलं नसतं. निरुपमाबेन आयसीयूच्या इन्चार्ज होत्या, आता निवृत्त होऊन निजामपुऱ्यात राहत. घर मराठी, तेही संस्थानच्या दिवाण कचेरीतल्या जुन्या विद्वानांचं, पण बडोद्याच्या इस्पितळात सगळ्याच सिस्टर शेवटी बेन होतात. त्यांच्या हाताखाली संयोगिता घडली होती आणि त्यांना सगळा वॉर्ड टरकून असे.

शनिवारी सकाळी ती गेली. बेन गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या.

"ये. बस. वाळलीस किती?"

"मजेत आहे, बेन," संयोगिता म्हणाली. मग तिने दोन शेंगा उचलल्या आणि मोडता मोडता सांगितलं की मी नोकरी सोडते आहे.

बेन ओरडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "झोप लागते?"

"तुटक."

"मलापण लागायची नाही. अजून महिन्यातून एकदा मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाते. गोळ्या घेतल्या, बोलले, रडले. तुला काय वाटलं, मी लोखंडाची आहे?"

संयोगिताला खरंच तसंच वाटत होतं. आणि ज्या बाईपुढे कधी साधी रजा मागायची हिंमत झाली नव्हती, तिच्यापुढे ती बोलायला लागली.

दुसऱ्या लाटेच्या त्या एप्रिलमध्ये दुपारपाळीला तिच्याकडे सहा बेड होते. तीन नंबरला वसंतकाका, निवृत्त चित्रकला शिक्षक, तोंडावर घट्ट मास्क, वर मशीनचं वारं. त्यांना चहा हवा होता. दुपारपासून हाताने कपाची खूण करत होते. तिने डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं आणि काकांना म्हणाली होती, "आत्ता येते हं, चमच्याने देते." पलीकडे वळली आणि पीपीई किटच्या आत घामाने निथळत असताना तशीच कोसळली. तिला उचलून बाहेर नेलं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, ऑक्सिजन उतरला, आणि वरच्या मजल्यावर ती स्वतःच पेशंट होऊन पडली. संध्याकाळी साफसफाईची बाई दुसरीला सांगताना तिने ऐकलं, तीन नंबरचे एक्सपायर झाले.

"ते वाट बघत गेले, बेन. मी येते म्हणाले होते. महिन्याने कामावर आले तर सगळ्या बेडवर नवे पेशंट. कोणाला विचारायचं धाडस झालं नाही. आणि मी ओव्हरसुद्धा दिली नव्हती."

ओव्हर म्हणजे पाळी बदलताना जाणारी नर्स येणारीला घेऊन बेडोबेड फिरते आणि प्रत्येकाचं काय चाललंय ते सांगते. ती दिली की पेशंट दुसरीचे आणि आपण घरी जायला मोकळे. संयोगिता त्या दिवशी मोकळी झालीच नव्हती. चार वर्षं ती कामावरच होती, म्हणून तर सासऱ्याच्या नाकाखाली हात.

बेननी शेंगांची परात बाजूला सारली. पदराला हात पुसले. मग वॉर्डात उभ्या राहायच्या तशा ताठ बसल्या.

"दे आता. बेड नंबर एक."

"बेन?"

"ओव्हर दे. त्या दिवशी तुझे बेड मीच घेतले होते. एक."

सवय मोठी असते. तिने सुरू केलं. एक नंबर, लहरीपुऱ्याचे कापडवाले, साखर वाढलेली, इन्सुलिन चालू. बेन म्हणाल्या, "घरी गेले." दोन नंबर, रिक्षावाले, ऑक्सिजन कमी करत आणलेला. "घरी गेले." मग ती थांबली.

"तीन," बेन म्हणाल्या.

"वसंतकाका. मशीनवर. चहा द्यायचा राहिला आहे."

"तीनच्या ऑक्सिजन पॉइंटला प्रेशर मिळेना, म्हणून तू पडल्यावर लगेच मी त्यांना सहाच्या पलीकडे, खिडकीशी सरकवलं. तीनवर नवीन पेशंट आला, फार उशिरा आणलेला. तो संध्याकाळी गेला. तुझे काका नव्हेत."

वॉर्डात माणसाला नावाने कोणी ओळखत नव्हतं, नंबराने ओळखत होते. त्या एका नंबराने तिची चार वर्षं खाल्ली होती.

"चहा मी पाजला. दोन चमचे प्यायले आणि साखर कमी आहे म्हणून तोंड वाकडं केलं. ती मराठी सिस्टर कुठे, असं लिहून विचारलं. म्हटलं, दमली होती, आराम करायला पाठवलं. मान डोलवली. पुढे तीन आठवडे माझं डोकं खाल्लं आणि जावयाच्या गाडीतून घरी गेले."

संयोगिता रडली. मोठ्याने, नाक ओढत, लहान पोरीसारखी रडली. बेननी तिला थांबवलं नाही. हुंदका जरा ओसरल्यावर म्हणाल्या, "चार."

चार नंबर घरी गेले होते. पाच नंबर, सव्वीस वर्षांची मुलगी, राहिली नाही. ते बेननी सरळ सांगितलं आणि हेही सांगितलं की शेवटी मी तिच्याजवळ होते, हात धरून. त्या मुलीचं नाव मात्र दोघींनी घेतलं. सहा नंबरच्या आजी गेल्या वर्षी नातवाच्या लग्नाची पत्रिका द्यायला इस्पितळात आल्या होत्या.

"अजून काही सांगायचं राहिलं?" बेननी विचारलं. हा प्रश्न त्या प्रत्येक ओव्हरच्या शेवटी विचारत.

संयोगिताने आठवून पाहिलं. छाती हलकी झाली होती आणि तिला सडकून भूक लागली होती.

"नाही, बेन. एवढंच."

"मग घेतले मी पेशंट. आणि त्या डॉक्टरीणबाईंचा नंबर घेऊन जा. एका रडण्याने सगळं निघत नाही." त्यांनी परात पुन्हा पुढे ओढली. "हां, तू कशाला आली होतीस म्हणालीस?"

"सांगायला," संयोगिता म्हणाली, "की सोमवारपासून मी वर आयसीयूत जाते आहे."