देवमन धुरकरी आन् न सुटनारी जोडी

वऱ्हाडात पट हाकनारे गंज झाले, पन देवमनसारखा एकच. ज्याले पटत नसन त्यानं अमरावतीपासून अकोल्यापर्यंत कोन्याबी म्हाताऱ्याले इचारून पाहावं.

पट म्हंजे बैलाईची शर्यत. दोन जोड्या बाजूबाजूनं सुटतेत. मांगं छकडी असते. तिले पाट्या नाई, कठडा नाई, दोन उघडी चाकं आन् मधात बुड टेकाले एक फळी. त्या फळीवर बसते तो धुरकरी. बाकीचे धुरकरी फळीवर बसत, देवमन तिले चिकटे. हातात चाबूक नाई, खिळा ठोकेल काठीची तुतारी नाई. बैलाले टोचून पळवनं म्हंजे त्याले सोताच्या तोंडावर थुकल्यासारखं वाटे.

सत्तावन साली अकोल्याच्या ओमप्रकाश शेठनं बादल-गुलाबची जोडी त्याच्या हाती देली. शेठची कापसाची जिनिंग होती, मोटार होती, पन जीव सारा बैलाईत. देवमनचा थोरला भाऊ डोमाजी गावभर सांगत सुटला, "आमच्या देवमनचा आता पेपरात फोटो येते पाहा."

"कोन्या पेपरात रे, फोकनाड्या? किती फेकशीन!" लोक म्हनत.

"निंघन एखादा नवा!"

पहिला पट अकोल्याले, पौषात. झेंडी पडली. बाजूची जोडी धुराळा उडवत गेली. बादल-गुलाब जागच्या जागी. देवमननं हाका मारल्या, पाठीवर थापा मारल्या. गुलाबनं मान वळवून त्याच्याकडं असं पाह्यलं, जसा पाहुना सयपाक झाला का म्हनून पाह्यते.

"मुहूर्त काढून राहिले रे ते!" लोक वरडले. "देवमन, उतर आन् ढकलत ने!"

भानगड अशी होती. आधीचा धुरकरी दर खेपेस चाकापाशी नारळ फोडे आन् लगेच जोडी सोडे. बैलाईनं हिशोब बांधला होता, फट् वाजलं का पळाचं. आन् देवमन आदल्याच साली नागपूरले जाऊन घरादारासकट बौद्ध झाला होता. नारळ, अंगारा, सारं त्यानं सोडलं होतं.

संध्याकाळी शेठ म्हने, "अरे, एक नारियल फोडून टाक ना. पूजा समजू नको, घंटी समज."

"शेठजी, तुमी घंटी समजसान. लोक पूजाच समजतीन. आन् ते काय हाये ते माह्या मनाले बी ठाव हाये. मी नाई फोडत."

"मंग परतवाड्याच्या पटापर्यंत पाहातो. तिथी जोडी सुटली नाई, त छकडी दुसऱ्याले. माह्या बैलाईची हसी झाली आज."

देवमन घरी आला. पोटापुरती मजुरी त कुठीबी भेटली असती. पन त्या फळीवर बसला का जो देवमन होये, तो मंग कुठी सापडता?

जोडी सरावासाठी त्याच्याच आंगनात होती. एक दिवस दुपारच्याले डोमाजी बाजीवर झोपेल, बाजीच्या पायाले गुलाबचा कासरा बांधेल. देवमनची बायको इंदूबाई चटनीसाठी कवठ घेऊन बसली. तिनं पाट्यावर कवठ आपटलं, फट्! बादल खुटा उपटून पळाला, आन् गुलाब बाजीसकट. डोमाजी बाजीवर बसून विहिरीपर्यंत गेला. पडला नाई मात्र, हे ध्यानात ठेवा.

इंदूबाई पोट धरून हासली. "अवो धर्मपालचे बाबा, याइले नारळ नाई, नुस्तं फट् पाह्यजे!"

डोमाजी बाज डोक्यावर घेऊन आला. "मंग झालं त! पटात कवठ फोडू."

"दादा," देवमन म्हने, "लोक म्हंतीन, याईनं देव सोडले आन् कवठोबा आनला."

मंग देवमननं आपली अक्कल लावली. इंदूबाई कवठ फोडे, त्याच टायमाले हा टाळ्याले जीभ लावून "टॉक्" करे. रोज कवठ जरा हळू, टॉक् जरा जोरात. बैल टॉक् वर सुटाले लागले, तवा उलटा धडा सुरू केला. नुस्तं कवठ फुटलं आन् बैल उभे राहिले, का मूठभर सरकी. घरात एवढी चटनी झाली का इंदूबाई वाटी घेऊन निंघाली म्हंजे शेजारी दारं लावून घेत.

परतवाड्याले माघात पट भरला. अकोल्याची गंमत, नारळाच्या भानगडीसकट, तिथीबी पोचली होती. झेंडीच्या आधी ज्याची जोडी हालन, तो बाद. हे ध्यानात ठेवून बाजूच्या धुरकऱ्याचा मानूस नारळ घेऊन बादलच्या कानापाशीच येऊन उभा राहिला.

"का हो, तुमची पूजा लय उशिरा?" देवमननं इचारलं.

"देवाले घाई नसते, भाऊ," तो म्हने, आन् फट्!

बादलचा पाय उचलला. पंच वाकून पाहाले लागला. शेठनं डोळे मिटले. देवमनच्या हातातला कासरा ढिलाच होता. वढला असता त बादल बिचकला असता.

"ऱ्हाय, राजा," तो हळूच म्हने.

पाय होता तिथंच टेकला. झेंडी पडली. टॉक्!

मंग काय इचारता! डोमाजीच्या म्हनन्यापरमानं छकडीचं एक चाक जमिनीले लागतच नोतं. बाजूची जोडी अर्ध्यात दिसेनाशी झाली. शेवटच्या फेरीत चांदूर रेल्वेकडची एक जोडी नाकभर पुढं गेली म्हंतेत, पन टायम मोजनाऱ्या घड्याळवाल्याच्या डोळ्यात धूळ गेल्ती, हे साऱ्याईनं पाह्यलं.

आता छकडी कोनाच्या हाती, हे सांगाले शेठले सवडच भेटली नाई. मानसं भवती होती, हार होते, राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवमन जोडी हाकत अंजनगावच्या रस्त्यानं निंघाला. मांगून शेठची मोटार आली. भोंग्यावर भोंगा. देवमन रस्त्याच्या मधात.

"देवमन! बाजू दे, मले अकोल्याचा बजार गाठाचा हाये!"

"शेठजी, कासरा कोनाच्या हाती हाये?"

"तुह्या!"

"याच सालचा का पुढचा बी?"

शेठनं आखीन एक भोंगा वाजवला. बैलाईनं मोटारीले पोटभर धूळ चारली. शेठच्या मिशा पांढऱ्या झाल्या. शेवटी त्यानं खिडकीतून अर्धं आंग बाहीर काढलं.

"जवरी तू थकत नाई तवरी तुह्याच हाती, माह्या बापा! आता त सरक!"

तवा कुठी देवमननं जोडी बाजूले घेतली.