भाऊसाहेब सौदा परत घेत नाहीत

परत आलेल्या मालाच्या गोदामात नोकरी केली की किस्से आपोआप साठतात. लोक ऑनलाइन काय मागवतात आणि काय कारण सांगून परत करतात, हे बघता बघता दिवस कसा जातो कळत नाही. लग्नात मिरवून झालेली शेरवानी "रंग आवडला नाही" म्हणून परत येते, आणि खिशात अक्षता! पण आमचे निम्मे किस्से मालाचे नाहीतच. ते गोदामाच्या आवारातल्या पिंपळावर राहणाऱ्या राक्षसाचे आहेत.

हो, राक्षस. आमचं गोदाम भिवंडीत, वळ गावात. जमीन दामूशेठची. पूर्वी तिथे भातशेती होती आणि बांधावर पिंपळ होता. शेती गेली, गोदाम आलं, पिंपळ राहिला आणि पिंपळाबरोबर भाऊसाहेबही राहिले. बाहेरच्या कुणाला हे सांगितलं की तो माझ्याकडे काळजीने बघतो. वळमध्ये सांगितलं तर एवढंच विचारतात, "बरे हायत ना?"

*

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी डबा खायला पारावर बसले. शेजारी एक गृहस्थ बशीतला चहा फुंकून पीत होते. पांढरं धोतर, काळा कोट, खांद्यावर उपरणं, सोनेरी काड्यांचा चष्मा. सगळं ठीक होतं, फक्त टोपीला दोन भोकं पाडून शिंगं बाहेर काढलेली होती. तीही तेल लावून चकचकीत!

"भूत!" मी किंचाळले.

"राक्षस," ते शांतपणे म्हणाले. "भुताला घराणं नसतं, बाई. आमचे पूर्वज लंकेत चांगल्या हुद्द्यावर होते. चहा घेणार?"

मग त्यांनी आपला व्यवसाय सांगितला. माणसाला हवं ते द्यायचं, त्या बदल्यात त्याच्याकडचं काहीतरी घ्यायचं. "काय हवंय?" आणि "काय देणार?" एवढे दोनच प्रश्न. सौदा ठरला की बैलबाजारातल्यासारखा उपरण्याखाली हात धरायचा. उपरणं निघालं की विषय संपला.

"आत्मा घेता?" मी डबा गुंडाळत विचारलं.

"आत्मा घेऊन ठेवू कुठे? गाळा भाड्याने घ्यावा लागेल. आणि वळमधली भाडी ऐकलीत का तुम्ही?"

ते घ्यायचे ते असं: कुणाची शिट्टी, कुणाचं हसू, कुणाच्या हातची चव. पेटीत जपून ठेवायचे. आणि एक गोष्ट ठासून सांगायचे, "सौदा परत नाही!" अख्खं गोदाम परत आलेल्या मालाने भरलेलं, आणि आवारात हा बाणेदार माणूस! मला फार हसू आलं.

काशीआईला मात्र त्याचं हसू येत नव्हतं. काशीआई म्हणजे दामूशेठची आई आणि गावची धवलारीण. लग्नात विधी विधीला धवले, म्हणजे परंपरेने आलेली गाणी म्हणायची, ते काम तिचं. तिच्याकडचा एक धवला भाऊसाहेबांच्या पेटीत होता. आणि आता तिच्या नातीचं, तेजूचं लग्न ठरलं होतं. तेव्हापासून ती रोज काठी टेकत पाराशी यायची.

"भाऊसायब, माजा धवला द्या."

"काशीबाई, सौदा परत नाही."

"बरं. उद्या येन."

*

आमच्या टेम्पोचे ड्रायव्हर रहीमचाचा. ठाण्याला माल घेऊन जायचे आणि कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून पडायचे. एक दिवस वैतागून पारासमोर उभे राहिले.

"साहब, कशेली का जाम हटा दो. जो माँगोगे दूँगा. मेरी आवाज ले लो, मेरी मूँछ ले लो!"

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. बराच वेळ विचार केला. मग दोन्ही हात जोडले.

"रहीममियाँ, मी राक्षस आहे. परमेश्वर नाही!"

*

अकाउंट्सच्या मीनलला सासूचे टोमणे असह्य झाले होते. मीनल काम करताना फार गोड शिट्टी वाजवायची. भाऊसाहेबांचा त्या शिट्टीवर केव्हापासून डोळा होता. उपरण्याखाली हात गेले, शिट्टी गेली आणि सासूबाई गप्प झाल्या.

आठवडा फार मजेत गेला. मग मीनल तोंड पाडून यायला लागली. घरात आवाजच नाही! भाजी खारट झाली तरी सासूबाई खातात. मीनल उशिरा उठली तरी चहा देतात. "मला झोप लागत नाही गं," ती म्हणाली. "वाटतं, यांच्या मनात काय चाललंय?"

भाऊसाहेबांकडे गेली, तर तेच उत्तर. सौदा परत नाही.

महिनाभराने मीनल खुशीत दिसली. विचारलं तर म्हणाली, "मीच शिकवतेय त्यांना. रोज एक टोमणा मी मारते, मग त्यांच्याकडून म्हणवून घेते. काल पहिल्यांदा माझ्या माहेरापर्यंत पोचल्या!"

*

हेड ऑफिसचा एक साहेब व्हिजिटला आला. टाय, ब्लूटूथ, कानाला कायम कुणीतरी लागलेलं. कुणीतरी त्याला भाऊसाहेबांबद्दल सांगितलं. तो थेट पारावर गेला आणि प्रमोशन मागितलं.

"काय देणार?"

"सोल! पूर्ण आत्मा!" साहेब छाती पुढे काढून म्हणाला.

भाऊसाहेब तसे आत्म्याच्या भानगडीत पडत नाहीत. पण पाहुणा माणूस, त्याचं मन कसं मोडायचं? त्यांनी साहेबाला वाकायला सांगितलं, कानातला ब्लूटूथ काढला आणि आत डोकावून पाहिलं. मग ब्लूटूथ हळूच परत बसवला.

"गहाण आहे हा," ते हळहळून म्हणाले. "कंपनीकडे का?"

*

सौद्याच्या बाबतीत भाऊसाहेबांना हरवणारा एकच माणूस निघाला. निजामपुऱ्याचा कापडवाला.

भाऊसाहेबांना धोतरजोडी हवी होती. रहीमचाचांच्या टेम्पोत पुढे बसून गेले. गल्लीत दोन्ही बाजूंनी लूमची खडखड, त्यामुळे सगळे ओरडूनच बोलतात. दुकानदाराने शिंगांकडे पाहिलं, आणि तिकडे दुर्लक्ष करून ओरडला, "आइए, चाचा! टोपी बहुत अच्छी है! चाय लाओ!"

संध्याकाळी भाऊसाहेब परतले ते धोतरजोडी, शर्टिंगचा आख्खा तागा आणि गुलाबी फुलांचे पडदे घेऊन. पारावर मटकन बसले.

"हे पडदे कशाला?" मी विचारलं.

"तेच मला आठवत नाहीये," ते म्हणाले. "त्याने चहा दिला, घरच्यांची चौकशी केली, आणि मग मीच म्हणालो, द्या! बाई, समोरच्याला कसं वाटतं ते मला आज कळलं."

"मग परत करा की."

"पाटी आहे. 'बिका हुआ माल वापस नहीं होगा.'" भाऊसाहेबांनी सुस्कारा टाकला. "तत्त्वाचा माणूस आहे."

तेवढ्यात काशीआई आली. तिने पडदे बघितले, भाऊसाहेबांचं तोंड बघितलं, आणि त्या दिवशी धवला मागितलाच नाही. नुसती खो खो हसत घरी गेली. पडदे अजून पिंपळाला आहेत.

*

लग्न जवळ आलं तसं मला राहवेना. एक दिवस काशीआईला बसवलं आणि विचारलं, तो धवला दिलाच का?

"दामू तान्हा होता," ती म्हणाली. "ताप उतरंना. तवा हितं रस्ता न्हाय, डागदर न्हाय. मी या पिंपलाच्या झाराखाली येऊन उबी राहिली. बोलली, माजा पोर मना दे. माज्याकडं सगल्यात चांगला काय आसंल ते घे."

तिच्याकडे सगळ्यांत चांगला होता तो पाठवणीचा धवला. नवरी मांडवातून निघताना म्हणायचा. आत्याने तिला दिलेला, दुसऱ्या कुणाला येत नव्हता. भाऊसाहेबांनी तो घेतला. उपरणं निघालं आणि दामू दूध मागायला लागला.

तेव्हापासून काशीआई प्रत्येक लग्नात सगळे धवले म्हणते. नवरी निघाली की उभी राहते, तोंड उघडते आणि आवाज फुटत नाही. गावातल्या सगळ्या पोरी आधी बँडवर, मग डीजेवर सासरी गेल्या.

"मना दुक न्हाय," ती म्हणाली. "पोर मिलला. पन तेजू माजी नात हाय गं."

मी तडक पारावर गेले. इतका राग आला होता की राक्षसाची भीती वाटली नाही.

"तुम्ही आपले बसून रोज ऐकत असाल तिचा धवला!"

भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तो पुसून झाला तरी पुसतच राहिले.

"बाई, मला गाता येत नाही," ते म्हणाले. "मी इथे बसून प्रत्येक लग्नात तो धवला ऐकायचो. वेडा झालो होतो. म्हणून तर मागितला. आणि घेतला त्या दिवसापासून एकदाही ऐकला नाही. पेटीत आहे. जपून आहे."

मला हसू आलं आणि रडूही आलं. एवढा रसिक, एवढा विद्वान, आणि करून काय बसला बघा! अक्कल खाती जमा, ती हीच.

"भाऊसाहेब," मी म्हटलं, "आमच्याकडे विकणाऱ्याला माल परत मागता येत नाही. तुमचं बरोबरच आहे. पण घेणाऱ्याला परत करता येतो!"

ते ताठ बसले. "म्हणजे?"

"धवला कुणी घेतला? तुम्ही! मग गिऱ्हाईक कोण?"

भाऊसाहेबांची शिंगं लाल झाली. इतक्या वर्षांत त्यांना गिऱ्हाईक म्हणण्याची हिंमत कुणी केली नव्हती. पण हळूहळू चेहऱ्यावर हसू यायला लागलं, आणि मग एकदम मावळलं.

"बाई, मी धवला परत केला, तर मी दिलेलं तिला परत करावं लागेल. शास्त्र आहे."

"आमच्याकडे रिफंड म्हणतात," मी म्हटलं, आणि मग मला कळलं. रिफंड म्हणजे दामूशेठ!

*

लग्न आवारातच होतं. ट्रक बाहेर काढून मांडव घातला होता. नवरी निघायच्या आधी आम्ही काशीआईला पाराशी नेलं आणि सगळं सांगितलं. मागे दामूशेठ उभे होते. सफारी, गळ्यात सोन्याच्या साखळ्या, आणि चेहरा पिठासारखा पांढरा.

काशीआईने क्षणभरही विचार केला नाही.

"न्हाय," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे धवला तुज्याकडं. मी पोर न्हाय देनार."

आणि वळून चालायला लागली. मीनल रडत होती. रहीमचाचा टोपी काढून उभे होते. तिकडे तेजूच्या गाडीचा दरवाजा उघडला होता आणि डीजेवाला बटणावर बोट ठेवून बसला होता.

"थांबा, काशीबाई," भाऊसाहेब म्हणाले. "माल तपासल्याशिवाय कुणी परत घेतो का?"

ते पारावरून उतरले. दामूशेठच्या भोवती फिरले. पोटावर बोट दाबून पाहिलं. टकलावर टिचकी मारली. गुडघे वाकवायला लावले, तर ते कुरकुरले. तोंड उघडायला लावलं, आत गुटखा होता.

"मी दिलं ते पोर ओंजळीत मावत होतं," भाऊसाहेब म्हणाले. "डोक्यावर जावळ होतं. अंगाला दुधाचा वास होता. आणि हे काय? हा माल वापरून वापरून पार संपवलाय तुम्ही! मी हा परत घेत नाही. रिफंड राहू दे. धवला तेवढा घेऊन जा."

"म्हंजी?" दामूशेठ भडकले. "मी खराब हाय?"

"गप ऱ्हा रं!" काशीआई ओरडली आणि तिने उपरण्याखाली हात घातला.

उपरणं निघालं. तेजू गाडीशी पोचली होती. रहीमचाचांनी धावत जाऊन डीजेची वायरच उपटली. काशीआई काठी टाकून उभी राहिली, तोंड उघडलं, आणि आवाज आला. म्हाताऱ्या बाईचा नाही. दामू तान्हा असताना होता तो, तरण्या बाईचा, जसा ठेवला होता तसा. तेजू आजीच्या गळ्यात पडली. सगळा मांडव रडत होता आणि दामूशेठ सगळ्यांत मोठ्याने. पिंपळाचं पान वारा नसला तरी हलतं म्हणतात. त्या वेळी एकही पान हललं नाही.

धवला संपला. आणि गुलाबी पडद्यांच्या मागून जोरात आवाज आला,

"वन्स मोअर!"

काशीआईने पदराने डोळे पुसले. काठी उचलली, झाडाकडे मान वर केली, आणि विचारलं,

"काय देशील?"