मामाचा दगड

वसतिगृहाच्या फाटकात उजवा हात आडवा धरून तो विचारायचा, "तू कोन त्याचा?"

पोराला भेटायला सख्खा बाप आला तरी हाच प्रश्न. बाप म्हटलं की हात खाली. काका म्हटलं की हात खाली. एकदा काळ्या कोटातले एक वकील आले. म्हणाले, "मी त्याचा कोणी नाही, माझं काम आहे." याचा हात आडवाच. "कोनी नाई तं मंग काऊन आला?" वकील चांगलेच उन्हात तापले.

असे चौकीदार तुम्हीही पाहिले असतील. हा आमच्या चांद्याचा, मूळचा एटापल्लीकडचा माडिया गोंड. सागवानाच्या गाड्यांबरोबर जंगलातून आला आणि शाळेच्या फाटकाशी राहिला तो राहिलाच. पोरं त्याला मामा म्हणत. चौकीदाराला, शिपायाला मामा म्हणायची आपली रीत आहे, त्याला काही अर्थ नसतो. पण हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्या मुलखात मामा म्हणजे मामाच, भाच्याच्या जन्मामरणाला उभा राहणारा.

मी पाथरवट. शिक्षण तिसरीपर्यंत, तेही पुरं नाही. पण गावाभोवतीच्या परकोटाचा ढासळलेला तुकडा माझ्या बापानं बांधला आणि तो अजून हललेला नाही, हे शिकलेल्यांनी ध्यानात ठेवावं.

त्या वसतिगृहात राहून मॅट्रिक झालेला एक पोरगा पुढे नागपुरात पदवीधर झाला, तुरुंगात गेला, दिल्लीत देशाचा पुढारी, सगळ्यांचा साहेब झाला. इंग्रज गेल्यावर थोड्याच वर्षांत वारला. तोवर शाळेच्या आवारात कॉलेजही आलं होतं. तिथंच त्याचं स्मारक करायचं ठरलं. काळ्या दगडाचा चौथरा, वर संगमरवरी पाटी. काम माझ्याकडे आलं.

मी छिन्नी चालवत होतो. मामा आला, वाकला, बोटाच्या पेरानं दगडावर टकटक केलं.

"हा दगड कोनं आनला?"

"ठेकेदारानं."

"तो कोन त्याचा?"

"साहेबांचा कोणी नाही. बिलाचा सख्खा भाऊ आहे."

तो हसला नाही. खाली बसला. "आमच्याकडं मेलेल्याच्या नावानं नात्यातला मानूस दगड आनून उभा करते. खांद्यावर आनते, गाडीवर नाई. परक्याचा हात लागला तं तो नुसता दगड."

"मग साहेबांच्या नात्यातल्यांना सांग."

"सांगू कोनाले? मीच तं मामा आहो त्याचा."

मला हसू आलं. "अरे, तुला सगळीच पोरं मामा म्हणतात!"

"म्हनतात. पन हा तापात पडला होता तवा मामा, मामा करून राह्यला होता. दुसऱ्या कोनाचं नाव नाई घेतलं."

तापात पोरगं कोणत्या मामाला हाक मारत होतं, हे मी कशाला विचारू? पुन्हा छिन्नी चालवली.

उद्घाटन जवळ आलं तेव्हा एका सकाळी तो इरई नदीकडून खांद्यावर दगड घेऊन आला. लांबट, अंगचाच, छिन्नी न लागलेला. खांदा सोलून निघाला होता. मी हात द्यायला पुढे झालो तर त्यानं मोकळा हात आडवा धरला. "तू कोन त्याचा?"

मला रागच आला. अरे, दगडांत जन्म गेला माझा! पण त्याचं तोंड पाहून मागे सरलो. त्यानं एकट्यानं खड्डा खणला आणि चौथऱ्याच्या बाजूला तो दगड उभा केला. मग जमिनीला हात लावून कितीतरी वेळ बसून राहिला.

संध्याकाळी समितीचे सेक्रेटरी आले. "हे काय मधेच?"

"मामाचा दगड आहे."

"कोणाच्या मामाचा? मिस्त्री, उद्या मंत्री येणार, फोटो निघणार. काढा तो."

"मी काढणार नाही," मी म्हणालो. "उरलेलं काम दुसऱ्याकडून करून घ्या."

मी काढला नाही. मांडववाल्यांनी काढला. सकाळी पाहतो तर मामाचा दगड आडवा पडलेला, त्याला मांडवाची दोरी बांधलेली. मामा जवळ उभा होता.

"परक्याचा हात लागला," एवढंच बोलला. मग डोळे पुसून म्हणाला, "भाचसून येऊन राह्यली आज. तिले इचारतो. ती हो म्हनली तं दुसरा आनतो."

साहेबांच्या बाई मोटारीतून उतरल्या. बँड वाजत होता, माणसं पुढे घुसत होती. हा त्यातून वाट काढत गेला, हात जोडले. "मी मामा."

बाई थकल्या होत्या. भल्या होत्या, हसल्या. "हो का? मामा, जरा पाणी मिळेल का?"

त्यानं पळत जाऊन लोटा घासला, पाणी आणलं. बाई प्यायल्या आणि गर्दीबरोबर मांडवात गेल्या. हा रिकामा लोटा धरून माझ्याकडे आला. तोंड उजळलेलं.

"पाह्यलं ना भाऊ? मामा म्हनली! ओळखलं मले."

जन्मात मी कोणाच्या हो ला हो केलं नाही. त्या दिवशी केलं. "ओळखलं," म्हणालो.

"खांदा भरू दे. मंग आनतो दुसरा."

खांदा भरायच्या आत मोहफुलं पडायला लागली. ती वेचायला तो आपल्या मुलखात गेला, तो आलाच नाही. सागवानाच्या गाड्या आल्या तेव्हा गाडीवानानं सांगितलं, मामा तापानं गेला. तापात त्यानं कोणाला हाक मारली, हे गाडीवानाला ठाऊक नव्हतं.

साहेबांच्या नावाचा दगड उभा करायचा राहिला तो राहिलाच. तो आणणारं माणूस आता कुठून आणायचं? पाटी तेवढी आहे. अक्षरं माझीच आहेत, चांगली आहेत, पण मी तिकडे फारसा जात नाही.

मला तो भाऊ म्हणायचा. आपल्याकडे सगळेच सगळ्यांना भाऊ म्हणतात, हे मला कोणी शिकवू नये.

मी इरईवर गेलो. मामाच्या नावाचा दगड शोधला, छिन्नी लावली नाही. खांद्यावर घेऊन फाटकाशी पोचलो. नवा चौकीदार भला माणूस, हात द्यायला धावला.

मी हात आडवा धरला.

"तू कोन त्याचा?"