दादाच्या रेघेतली फट

बुधवारी मी शाळेतून नुकताच आलो होतो, तेव्हा शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला. माझा थोरला भाऊ, पनवेलातला डॉक्टर, दवाखान्याच्या खुर्चीतच गेला होता... हृदयविकाराचा झटका. महिना उलटला, तरी मी अजून त्या बुधवारच्या आदल्या रविवारीच अडकलो आहे.

त्या रविवारी दादाने सदरा काढून पाठ माझ्यापुढे केली. खांद्याखाली गुलाबी, लांबट गोल चट्टा होता, कडेला आतून बारीक कोंडा सुटलेला. "नायटा?" मी विचारलं. "सगळे तेच म्हणतात. हा पहिला, थोरला. आठवड्या-दोन आठवड्यांत बाकीची पिलावळ बरगड्यांच्या रेषेत तिरकी उतरेल. थोडी खाज, मग दीड-दोन महिन्यांत आपोआप साफ. कशाने होतं ते नक्की कुणाला माहीत नाही, एखादा विषाणू असावा." मग त्याने माझ्या हातात पेन दिलं. "कडेने रेघ ओढ. वाढतो का बघू."

ही त्याची जुनी पद्धत. वीटभट्ट्यांवरची माणसं त्याच्याकडे येत. नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस संपतो, ही त्यांची धास्ती, आणि कुठल्याही पुरळाला ते तीच लावत. एका बाईने त्याचा हातच धरला होता, "डाक्टर, रेघ जुलवू नका! मानूस जगत नाय." तेव्हापासून दादा प्रत्येक रेघेत तांदळाएवढी फट सोडायचा. मी त्याला भित्रा डॉक्टर म्हणून चिडवायचो. "माझं काय जातं? ती शांत झोपते," तो म्हणायचा.

मी मात्र वर्तुळ नेटकं पूर्ण केलं. विज्ञान शिकवणाऱ्याची मिजास, दुसरं काय! "जुळवलीस?" त्याने विचारलं. मी हसलो. तोही हसला, पण जरा उशिरा...

शेवटची आंघोळ घालताना त्याला कुशीवर वळवलं. पाठ स्वच्छ होती. निळी रेघ तेवढी होती, आत काहीच नव्हतं. रक्त थांबलं की लाली उतरते, एवढं मला कळतं. तरी मी ओल्या अंगठ्याने ती रेघ घासत राहिलो. शाई निघेना. शेवटी काकांनी माझा हात बाजूला केला. मला अपराधी वाटतं, आणि तसं वाटतं याची लाजही वाटते.

हल्ली फळ्यावर वर्तुळ काढताना शेवटी माझा खडू थांबतो. परवा पहिल्या बाकावरची मुलगी उठली, "सर, मी पूर्ण करू?" म्हणत तिने खडू उचलला. मी "नको!" म्हणून ओरडलो.