भाकरी कुठल्या पाण्यातली?

मंडळी, दुपारीच दवाखान्यातून आले, पण डोक्यातून सिस्टर जाईनात.

माझी चौदा वर्षांची लेक राणी स्वमग्न आहे, म्हणजे तिला ऑटिझम आहे. दोन महिन्यांपूर्वी तिनं भाकरी सोडली. नुसत्या बिस्किटांवर राहून हाडं दिसायला लागली. आम्ही दटावलं, नाक दाबून भरवलंसुद्धा.

बीडला अशाच मुलांच्या खाण्याचं बघणाऱ्या एक सिस्टर आहेत. मागल्या खेपेला त्यांनी विचारलं, "ताई, खाणं सुटलं तेव्हा घरात काय बदललं होतं?"

मी म्हणाले, "काईच न्हाई. विहीर आटली, टँकर सुरू झाला, एवढंच."

त्यांच्या सांगण्यावरून आज पालीच्या बहिणीकडच्या विहिरीच्या पाण्यात भाकरी करून नेली. राणीनं वास घेतला, तुकडा मोडला. मी बोलणार, तोच सिस्टर हळूच म्हणाल्या, "तिच्याकडं बघू नका. खाऊ द्या."

अर्धी भाकरी खाल्ली. खाण्याची अडचण एवढ्यानं सुटत नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

मी गावच्या दूध सोसायटीत लोकांनी आणलेलं दूध मापून घेते. दुधाला वेगळा वास आला की पहिलं विचारते, चारा बदलला का?

म्हशीसाठी रोज सुचणारा प्रश्न लेकीसाठी दोन महिने कावून सुचला न्हाई, तुमीच सांगा.