आजच्यापुरता बंद

दोन हजार सहा-सातच्या सुमारास आम्ही दोघं मित्र दुकानांच्या वेबसाइट बनवायचो. मी हिंगोलीत, तो आखाडा बाळापूरला. त्याचा जावास्क्रिप्ट भाषेतला कोड म्हणजे बाजारच्या दिवशीचा रस्ता. कुठली ओळ कुठं उभी राहील, नेम नाही. मग मी वापरत होतो तीच नियमांची फाइल, कोड तपासणाऱ्या प्रोग्रामसकट, पेनड्राइव्हवर त्याला दिली. समास सारखा हवा, ओळीशेवटी अर्धविराम हवा. नियम मोडला की प्रोग्राम त्या ओळीवर बोट ठेवायचा.

आठवड्यात त्याचा फोन आला, "एकबी चूक दाखवून न्हाई राहिला." मी चार लोकांत त्याचं कौतुक केलं.

पुढं दोघांचं काम जोडायची वेळ आली, तेव्हा त्याच्याकडची नियमांची फाइल उघडली. प्रोग्राम ज्या नियमावरून कुरकुरला, तो नियमच यानं खोडून टाकला होता. जेमतेम तीन उरले होते.

"असं काहून केलं?" मी तापलो.

"तुझंच बघून. तुझ्या फाइलीतली सातवी ओळ बघ की."

मी पाहिली. अर्धविरामाचा नियम बंद होता. शेजारी मीच लिहिलेली टीप होती: 'आजच्यापुरता बंद.' त्या आजला दोन वर्षं झाली होती.