रोवणी अडली त्या सकाळी

मोहाडी तालुक्यातल्या आमच्या गावात मी अंगणवाडी सेविका होते. कोवळ्या वयातली लग्नं थांबवायची आणि ज्यांची होऊन गेली त्या पोरींच्या बाळंतपणाकडे लक्ष द्यायचं, यासाठी गावाने समिती केली होती. सरपंच, मुख्याध्यापक, आशाताई, बचत गटाच्या बाया आणि मी. आम्ही घरोघरी जायचो, समजवायचो, चहा प्यायचो आणि परत यायचो. चहा मात्र सगळीकडे चांगला मिळायचा.

त्या वर्षी आमच्याच वस्तीतल्या एका बापाने धाकट्या मुलीची सोयरीक जुळवली. पोरगी नुकतीच दहावी झालेली. अकरावीला मोहाडीला जायचं म्हणून तिने माझ्याकडून एसटीच्या वेळाही विचारून ठेवल्या होत्या. मुलगा जवाहरनगरच्या कारखान्यात कामाला, घर पक्कं. "असं स्थळ दारी चालून येते काय बाई पुन्हा?" बाप मला म्हणाला. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, शिवीगाळ नाही. पण त्याला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. माझ्या डोक्यात तिडीक गेली, कारण थोरलीचे हाल त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

थोरलीचं लग्न सोळाव्या वर्षी लावलं होतं. पहिलं मूल पोटातच गेलं. दुसरी मुलगी कशीबशी जगली, चिमणीएवढी. थोरलीच्या अंगात रक्त नाही म्हणून आशाताई तिला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेऊन आणायची. आता ती तान्ह्या पोरीला घेऊन माहेरीच होती. बचत गटाच्या बायांनी तिला आपल्या रोवणीच्या टोळीत घेतलं. पाळीपाळीने एकीने शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून तिची पोर सांभाळायची, बाकीच्यांनी धान रोवायचं. त्या बायांत राहून ती पुन्हा कोणाची तरी थट्टा करायला लागली होती, आणि मला त्याचं फार बरं वाटायचं.

एका सकाळी टोळीची पाळी तिच्या बापाच्याच बांधीत, धानाच्या खाचरात, आली. चिखल तयार होता, उपटलेल्या पऱ्ह्यांच्या जुड्या पसरून ठेवल्या होत्या. ही रोपं एकदा उपटली की लावावीच लागतात, आणि त्या दिवसांत दुसरी टोळी शोधून सापडत नाही. लसीकरणाचा निरोप द्यायला मी तिथं पोचले, तर सगळ्या बाया धुऱ्यावर बसलेल्या. थोरली मधोमध, मांडीवर पोर.

"काहून बसल्या?" मी विचारलं.

"हे उतरत नाही म्हणते," टोळीतली म्हातारी थोरलीकडे बोट करून म्हणाली. "मंग आमी कशा उतरू?"

बाप समोर चिखलात उभा होता. थोरली त्याला म्हणाली, "बाबा, लहानीची सोयरीक मोडा. मंग उतरतो."

"घरची गोष्ट घरी बोलावं."

"घरी आयकलं काय तुमी?"

आता समितीचं भाषण करायला मी तोंड उघडणार, तोच म्हातारीने मला चिमटा काढला. "बाई, तुमी लय बोलल्या. आता बसा." मी बसले. गप्प बसणं माझ्या रक्तात नाही, पण बसले.

ऊन चढत गेलं. बापाने बांधीला एक चक्कर मारली, जुड्यांवर पाणी शिंपडलं, आमच्याकडे पाहिलं. एकही बाई हलली नाही. शेवटी तो येऊन लेकीसमोर उकिडवा बसला. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होता.

"तुह्या लग्नाच्या वक्ती तू तं काही बोलली नाही. मांडवात हासत होती तू. म्या पायलं."

"सोळा वर्षांची होती बाबा," ती म्हणाली. "नवीन साडी भेटली म्हणून हासत होती."

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. बापाने चिखलाचे हात धोतराला पुसून खिशातून मोबाईल काढला आणि आमच्या सगळ्यांसमोर सोयऱ्याला फोन लावला.

"माफी करा जी," तो म्हणाला. "पोरगी लहान आहे अजून."